फूटपाथवर माल उतरवणाऱ्या गाड्या: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, महाद्वार रोड, राजारामपुरी. पेठ कुठलीही असो, दिवसभरात कधीही जा, एखादा तरी टेम्पो दोन चाकं फूटपाथवर चढवून उभा दिसतो. मागचा फाळका उघडा, खाली फळी लावलेली आणि दुकानाच्या दारापर्यंत पोत्यांची नाहीतर खोक्यांची थप्पी. चालणारा माणूस मग मुकाट्याने रस्त्यावर उतरतो आणि केएमटीची बस, रिक्षा, दुचाक्या यांच्यातून वाट काढतो.

शेजारीपाजारी, ओळखीचे दुकानदार आणि काही ड्रायव्हरसुद्धा याबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझं मत आधीच सांगते. बाजार चालायचा तर माल उतरलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण गाडी कुठे आणि किती वाजता उभी राहायची हे माल मागवणारा ठरवतो, तेव्हा जबाबदारीही त्यानेच घेतली पाहिजे. आज दंड ड्रायव्हर भरतो, त्रास चालणारा सोसतो आणि ज्याच्या दारात माल उतरतो त्याला कुणी काही विचारत नाही.

पाच मिनिटांचंच काम असेल तर गाडी फूटपाथवर लावता येते का?

नाही. वाहन चालवण्याबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार फूटपाथवर गाडी उभी करायला मनाई आहे. पाच मिनिटांची सवलत त्यात कुठेही नाही. चारही इंडिकेटर चालू ठेवले म्हणून परवानगी मिळाली असंही होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२२ मध्ये तर सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने वाहन उभं ठेवायलाच बंदी आहे.

माल उतरवण्याबद्दल वेगळं कलमसुद्धा आहे आणि ते फारसं कुणाला माहीत नसतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम १०२. माल चढवायला-उतरवायला जेवढा वेळ खरोखर लागतो, त्याहून जास्त वेळ गाडी रस्त्यात उभी ठेवून अडथळा करणं हा त्या कलमाखाली गुन्हा आहे. पेट्या, गठ्ठे, पोती रस्त्यावर अवाजवी वेळ ठेवणंही त्यातच येतं. म्हणजे रस्त्याच्या कडेला, जिथे मनाई नाही तिथे, गरजेपुरतं थांबून माल उतरवणं कायद्याला मान्य आहे. गाडी तिथेच ठेवून चहाला जाणं, हिशेबाला बसणं किंवा दुसऱ्या दुकानाच्या मालाची वाट बघणं मान्य नाही.

दंड किती होतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपये, तोच गुन्हा पुन्हा केला तर १,५०० रुपये. वाहतुकीला अडथळा केल्याबद्दल कलम २०१ खाली ५०० रुपयांपर्यंत वेगळा दंड होऊ शकतो. मनाई असलेल्या जागेवरून गाडी उचलून न्यायचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाला कलम १२७ देतं आणि उचलून नेण्याचा खर्च गाडीवाल्यावर पडतो. सार्वजनिक वाटेत अडथळा करण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ आहे, त्यात ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. जुन्या दंडविधानात हीच रक्कम २०० रुपये होती.

तरीही हे दंड पुरेसे नाहीत असं मला वाटतं. गाडीभर मालाच्या किमतीपुढे ५०० रुपये म्हणजे हमालीपेक्षाही कमी. शिवाय ई-चलन गाडीमालकाच्या नावावर जातं आणि मालक बऱ्याचदा ते ड्रायव्हरकडून वसूल करतो. दुकानाचं नाव त्या कागदावर कुठेच येत नाही.

रस्ते अरुंद आहेत. गाडी फूटपाथवर घेतली नाही तर सगळं ट्रॅफिक तुंबेल, त्याचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तो प्रामाणिक आहे, म्हणून जरा सविस्तर.

आपल्या पेठा ट्रकसाठी आखलेल्याच नाहीत. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये. राजर्षी शाहू महाराजांनी स्टेशनच्या जवळ शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली १८९५ मध्ये, गुळाच्या व्यापाराला बळ मिळावं म्हणून. त्या काळी माल बैलगाडीतून यायचा. पेठेची आखणी त्या काळाला साजेशी आणि चांगलीच होती. गुळाचा घाऊक व्यवहार पुढे मार्केट यार्डात गेला, पण शाहूपुरीत यंत्रसामग्री, पाइप, पत्रे, रंग यांची दुकानं वाढली आणि लक्ष्मीपुरीत धान्याचा बाजार टिकून राहिला. हा सगळा जड माल आहे. त्याच गल्ल्यांत आता सहा चाकी ट्रक शिरतो.

आता तुंबण्याचं बघू. गाडी फूटपाथवर चढवली की रस्ता थोडा मोकळा होतो हे खरं. पण अडथळा त्याने संपत नाही, फक्त मोटारीवाल्याच्या वाटेतून निघून चालणाऱ्याच्या वाटेत येतो. मोटारीत बसलेल्याला दोन मिनिटं थांबावं लागणार होतं. त्याऐवजी शाळेतून येणारं पोर, सीपीआर रुग्णालयातून औषधं घेऊन निघालेली म्हातारी आणि डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवाली भर रस्त्यात उतरते. आपण सगळे हे सहज चालवून घेतो, कारण थांबलेली मोटार हॉर्न वाजवते आणि चालणाऱ्याकडे हॉर्न नसतो. कुणाला तरी थांबावंच लागणार असेल तर ज्याच्याभोवती पत्र्याची पेटी आहे त्याने थांबावं.

आणि दोघांनाही थांबावं लागू नये असं करता येतं. अर्ध्याअधिक मालाला मोठी गाडी पेठेत आणायची गरजच नसते. ट्रक मार्केट यार्डात किंवा शहराबाहेरच्या गोदामात खाली करायचा आणि तिथून छोटा हत्ती नाहीतर पिकअपने माल दुकानात आणायचा, असं करणारे व्यापारी आपल्याकडे आहेत. एक जादा हमाली पडते, हे मान्य. पण गाडी अडकून पडत नाही, चलन येत नाही आणि काचेला, पत्र्याला धक्काही लागत नाही. दुसरा उपाय वेळेचा. सकाळी दुकानं उघडायच्या आधी लक्ष्मीपुरीतून एकदा चक्कर मारून बघा. तोच रस्ता, तीच दुकानं आणि ट्रक कडेला लावूनही बस जाते.

ड्रायव्हरला काय म्हणायचं?

सरळ, मानाने बोलायचं. "दादा, चाकं जरा खाली घ्या की, म्हाताऱ्या माणसाला जायला वाट न्हाई." एवढ्यावर निम्मे लोक गाडी हलवतात. उरलेले म्हणतात, "शेटनी हितंच लाव म्हणून सांगितलंय." तेव्हा शेटकडे जायचं.

ड्रायव्हरची बाजू समजून घ्यायला हवी. तो रात्रभर गाडी चालवून आलेला असतो, शहर त्याच्या ओळखीचं नसतं आणि शहरात जड वाहनांना दिवसा वेळेचं बंधन असल्यामुळे आत आलोय तोवर गाडी खाली करून निघायची त्याला घाई असते. वाराई, म्हणजे माल उतरवण्याची मजुरी, कुणी द्यायची यावर आधीच कटकट झालेली असते. फोनवर "ये ये, दुकानासमोरच लाव" म्हणणारा माणूस वेगळा असतो आणि लोकांच्या शिव्या खाणारा वेगळा. म्हणून ड्रायव्हरशी हुज्जत घालू नका, किल्ली काढून घेणं किंवा टायरची हवा सोडणं असले उद्योग तर अजिबात नकोत. त्यात तुमच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो.

गाडी लांब लावली तर हमालांचे हाल होतील ना?

होतील, आणि हा प्रश्न बाजूला ठेवून केलेली कुठलीही योजना मला पटत नाही. पाठीवर ५० किलोचं पोतं घेऊन चालणाऱ्या माणसासाठी वीस पावलं जास्त म्हणजे खरोखर जास्त. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, ३० किलोचा, पण खेपा किती होतात ते मोजून बघा. हमालाला मजुरी नगावर मिळते, अंतरावर नाही. गाडी लांब गेली तर मजुरी तीच राहून मेहनत वाढते. मग तोही ड्रायव्हरला म्हणणारच, "आत घे, अजून आत घे."

माथाडी आणि हमाल कामगारांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे. मजुरीचे दर त्या व्यवस्थेतून ठरतात, त्यामुळे अंतर वाढलं तर दरही वाढला पाहिजे ही मागणी रास्त आहे. शिवाय दुकानाने एक चांगली चाकांची ट्रॉली ठेवली तर एका फेरीत तीन-चार पोती जातात आणि पाठ वाचते. ट्रॉली चालायला फूटपाथवर उतार आणि सपाट फरशी लागते, म्हणजे जे व्हीलचेअरला लागतं तेच. हमाल आणि चालणारे यांचं भांडण लावायची गरज नाही, दोघांनाही चांगला फूटपाथ हवा आहे.

फूटपाथ खचतो तो गाड्यांमुळेच का?

मोठ्या प्रमाणात, होय. चालण्यासाठी बसवलेले पेव्हर ब्लॉक ५० ते ६० मिलिमीटर जाडीचे असतात. जड वाहनांसाठी याच्या जवळजवळ दुप्पट जाडीचे आणि जास्त मजबुतीचे ब्लॉक लागतात. ट्रकच्या चार टायरांच्या एका मागच्या एक्सलवर ११.५ टनांपर्यंत वजन कायद्याने चालतं. एवढं वजन पातळ ब्लॉकवर चढलं की खालची वाळू सरकते, ब्लॉक डुगडुगायला लागतो आणि पहिल्या पावसात त्याखाली पाणी साठतं. बऱ्याच ठिकाणी तर फूटपाथ म्हणजे गटारावर टाकलेली फरशी आहे. ती एकदा तडकली की कुणाचा पाय केव्हा आत जाईल सांगता येत नाही. दुरुस्तीचा खर्च महापालिकेचा, म्हणजे तुमच्या-माझ्या घरफाळ्याचा.

चालणाऱ्यांना फूटपाथचा हक्क आहे असं कायदा खरंच म्हणतो का?

म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी स्पष्ट केलं की पादचाऱ्यांना अडथळामुक्त फूटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. दिव्यांगांना वापरता येतील असे फूटपाथ असणं त्यात येतंच. शिवाय दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा स्वतंत्र कायदाही आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको.

आपल्याकडे १.८ मीटर मोकळा फूटपाथ शोधावा लागतो, हे सगळ्यांना दिसतंच आहे. पण म्हणून जो मीटरभर उरलाय तोही सोडून द्यायचा का? पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला उघडा फाळका काठीला लागत नाही, कारण तो छातीच्या उंचीवर असतो. तो थेट अंगाला लागतो. व्हीलचेअरवरचा माणूस कडेवरून खाली उतरू शकत नाही, त्याला मागे वळून शेवटच्या उतारापर्यंत परत जावं लागतं, आणि तो उतारही पुष्कळदा दुचाक्यांनी भरलेला असतो.

शोरूमपुढे नव्या गाड्या उतरवतात, त्यांनाही हेच लागू आहे का?

तंतोतंत. दुचाकींचा कंटेनर आला की उतरण लावून एकेक गाडी खाली घेतात आणि फूटपाथवरच रांग लावतात. तिथेच प्लॅस्टिक, पुठ्ठा, फोम सोडवतात, मोजदाद करतात आणि मग सावकाश आत घेतात. तासन्‌तास फूटपाथ गायब. चारचाकींचा ट्रेलर तर इतका लांब असतो की तो आला की दोन-तीन दुकानांची दारं एकदम बंद होतात.

शोरूमवाले कधी कधी ट्रेड सर्टिफिकेट दाखवतात. नोंदणी न झालेली गाडी ठरावीक कामासाठी रस्त्यावर नेण्याची ती मुभा आहे, फूटपाथचं गोदाम करण्याची नाही. हे सर्टिफिकेट आरटीओ देतं, त्यामुळे वारंवार त्रास होत असेल तर वाहतूक पोलिसांबरोबर आरटीओलाही लेखी कळवा. शोरूमकडे स्वतःचं यार्ड असतंच. ट्रेलर तिथे खाली करून गाड्या एकेक करून आणणं त्यांना सहज जमण्यासारखं आहे.

तक्रार कुठे करायची?

गाडी आत्ता उभी आहे आणि धोका आहे असं असेल तर ११२. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवरही फोटोसह कळवता येतं. कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे शहर वाहतूक नियंत्रण शाखा जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली येते. लेखी अर्ज शाखेला करा आणि प्रत अधीक्षक कार्यालयाला द्या.

गाडी निघून गेली पण माल फूटपाथवरच पडलाय, असं असेल तर तो महापालिकेचा विषय. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम २३० खाली रस्त्यावर वस्तू ठेवून अडथळा करायला मनाई आहे आणि कलम २३१ खाली आयुक्त तो माल नोटीस न देताही हटवू शकतात. अर्ज तुमच्या भागाच्या विभागीय कार्यालयात द्यायचा. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी ती चार कार्यालयं आहेत. पोचपावती घेतल्याशिवाय परत फिरू नका.

फोटोत चार गोष्टी आल्या पाहिजेत: गाडीचा नंबर, फूटपाथवरची चाकं, दुकानाची पाटी आणि वेळ. पाटी विसरू नका. नुसत्या नंबरावर चलन ड्रायव्हरच्या गळ्यात पडतं, पाटी असेल तर माल कुणाचा हेही नोंदलं जातं. हमालांचे चेहरे काढायची किंवा ते फोटो ग्रुपवर फिरवायची काही गरज नाही.

पोलीस येतात, गाडी जाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढे काय?

एकेका गाडीच्या मागे लागणं थांबवा आणि जागा मागा. माल उतरवण्यासाठी राखीव जागा आणि ठरावीक वेळ. रस्त्याच्या कडेला दोन-तीन पार्किंगच्या जागांएवढी पट्टी आखायची, पाटी लावायची आणि त्या वेळेत तिथे फक्त मालगाडी थांबेल असं ठरवायचं. वाहनांवर वेळेचे निर्बंध घालणं आणि थांबायच्या जागा ठरवणं यासाठी मोटार वाहन कायद्यात कलम ११५ आणि ११७ आहेत. तिथे रोज लागणाऱ्या दुचाक्या कुठे जाणार, हा वाद होणारच. तो वाद उघडपणे झालेला बरा.

माहितीच्या अधिकारात आधी एवढंच विचारा: आपल्या रस्त्यावर माल चढवण्या-उतरवण्यासाठी जागा आणि वेळ ठरवणारी अधिसूचना आहे का, असल्यास तिची प्रत द्या. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत बसवायचा असतो. महापालिका आणि पोलीस यांना वेगवेगळे अर्ज करा.

नव्या मोठ्या व्यापारी इमारतीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासता येते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत अशा इमारतींना माल चढवण्या-उतरवण्यासाठी पार्किंगव्यतिरिक्त जागा ठेवावी लागते, ती किमान ३.७५ बाय ७.५ मीटरची. मंजूर नकाशात ती जागा दिसते आणि प्रत्यक्षात तिथे गाळा किंवा जनरेटर असेल, तर महापालिकेच्या नगररचना विभागाला ते फोटोसह कळवा.

मी दुकानदार आहे. माझ्याकडे मागचं दार नाही, गोदाम नाही. मी काय करू?

ऑर्डर देतानाच वेळ सांगा. "सकाळी ९ च्या आत गाडी पोचली पाहिजे" हे वाक्य बिल्टीवर (मालवाहतुकीच्या पावतीवर) किंवा निदान ट्रान्सपोर्टवाल्याच्या मोबाइलवर लेखी असू दे. उशीर झाला तर गाडी बाहेर थांबेल, हेही आधीच ठरवा. गाडी येण्याआधी दुकानासमोरच्या स्वतःच्या आणि कामगारांच्या दुचाक्या हलवा. खूपदा गाडी फूटपाथवर चढते ती आपल्याच स्कुटरने कडेची जागा अडवलेली असते म्हणून. माल उतरला की थेट आत घ्या, मोजणी आतच करा. एका ओळीतल्या चार-पाच दुकानदारांनी मिळून एक छोटी गाडी ठरवली तर खर्च वाटला जातो. दिवाळीच्या आणि नवरात्राच्या आधीचे दोन आठवडे माल तिप्पट येतो. तेव्हाचं वेळापत्रक शेजाऱ्यांशी बोलून करा, नाहीतर तिघांच्या गाड्या एकाच दुपारी येतात.

आणि ग्राहकाचं एक लक्षात घ्या. समोर ट्रक आडवा असताना तुमच्या दुकानात कुणी शिरत नाही, शेजारच्याकडे तर मुळीच नाही.

रात्री माल उतरवला तर सगळं सुटेल ना?

पेठांमध्ये दुकानाच्या वर लोक राहतात. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ, त्यात निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आणि हॉर्नला बंदी. लोखंडी पत्रे आणि गॅस सिलिंडर मध्यरात्री उतरवणं म्हणजे एकाचा त्रास दुसऱ्याच्या घरात टाकणं. सकाळी ६ ते ९ ही वेळ मला सगळ्यात योग्य वाटते, फक्त शाळेच्या दाराजवळचा रस्ता त्यातून वगळावा.

ऑनलाइन पार्सलच्या गाड्यांचं काय?

नियम तोच. फरक इतकाच की त्या थोडा वेळ थांबतात पण दिवसभरात पुष्कळ येतात. अपार्टमेंटच्या गेटच्या आत थांबायची परवानगी सोसायटीने दिली तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

गांधीनगरला, उचगावला तक्रार कोल्हापूर महापालिकेकडे करायची का?

नाही, ती गावं महापालिका हद्दीत नाहीत. रस्त्यावरच्या अडथळ्यांसाठी तिथे ग्रामपंचायत, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली. गाड्यांसाठी पोलीस. गांधीनगरला स्वतंत्र पोलीस ठाणे आहे.

दुकानदाराला पत्र लिहायचं आहे. काय लिहू?

छोटं लिहा, मराठीत लिहा, गल्लीतल्या दहा जणांच्या सह्या घ्या आणि स्वतः नेऊन द्या. मजकूर असा चालेल:

"सप्रेम नमस्कार. आपल्या दुकानाचा माल उतरताना गाडी फूटपाथवर लागते आणि आमच्या घरातल्या वयस्कर माणसांना व मुलांना रस्त्यावर उतरावं लागतं. आपण सकाळी ९ च्या आत माल मागवावा, गाडी रस्त्याच्या कडेला लावायला सांगावी आणि फूटपाथवर माल ठेवू नये, ही विनंती. गाडीसाठी कडेची जागा मोकळी लागेल त्या वेळी आमच्या दुचाक्या आम्ही हलवू. फक्त आदल्या दिवशी निरोप द्या."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका, आणि लिहिली तर पाळा.